उन्हाचे वेळापत्रक

नकाशासंग्रहात अरबस्तानचे पान उघडा. द्वीपकल्पाच्या आग्नेय कोपऱ्यात ओमान हा देश दिसेल. त्याच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर मस्कत ही राजधानी आहे आणि पार दक्षिणेला, येमेनच्या सरहद्दीच्या अलीकडे, सलाला हे शहर आहे. मस्कतहून निघालेला मुख्य रस्ता निझवा, आदम, हैमा, थुमरैत या गावांवरून वाळवंट ओलांडून सलालाला पोहोचतो. त्याची लांबी सुमारे १००० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई ते बंगळूर एवढी. मात्र मुंबईहून बंगळूरला जाताना थोड्या थोड्या अंतरावर गाव लागते, चहाची टपरी लागते, रस्त्याच्या कडेला वडाचे झाड असते. इथे आदम मागे पडले की सावली देणारे झाड क्वचितच दिसते. दोन पेट्रोल पंपांच्या मध्ये फक्त रस्ता, वाळू आणि आभाळ.

तुमच्यापैकी अनेकांचे चाचा, मामू किंवा मोठे भाऊ आखाती देशांत नोकरी करत असतील. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील काही गावांत तर आखातात कोणीच गेलेले नाही असे घर शोधावे लागते. तेव्हा हा रस्ता आपल्याला अगदीच परका नाही. उद्या तुम्हीही त्यावरून जाल. म्हणूनच उन्हाच्या देशात मोटारीने लांबचा प्रवास कसा करावा, याविषयी माझे मत आज तुमच्यापुढे मांडत आहे.

तुम्ही विचाराल, भर उन्हाळ्यात एवढ्या लांब वाळवंटातून जायचेच कशाला? याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. जून महिन्यात जे नैऋत्य मोसमी वारे आपल्या कोकणात पाऊस आणतात, तेच वारे वाटेत ओमानच्या दक्षिण किनाऱ्याला घासून जातात. त्या वेळी तिथल्या समुद्रातील खोलवरचे थंड पाणी वर येते. त्या थंड पाण्यावरून येणाऱ्या दमट हवेचे धुके होते आणि सलालाच्या मागच्या डोंगरांवर ते अडून राहते. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत तिथे बारीक पाऊस भुरभुरत असतो. डोंगर हिरवेगार होतात, झरे वाहू लागतात. मधल्या वाळवंटात पारा ४५ अंशांवर असताना सलालाला तो पंचविसाच्या आसपास असतो. या हंगामाला तिथले लोक 'खरीफ' म्हणतात. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडचे 'खरीप' ते हेच! हा पावसाळा पाहण्यासाठी ओमानचेच नव्हे, तर संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत येथील लोकही कुटुंबासह गाडीने निघतात. म्हणजे हा रस्ता सर्वांत जास्त वाहतो तो नेमका सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत.

आता प्रवास करावा कसा, याबद्दल दोन मते ऐकू येतात. काही जण म्हणतात, "रस्ता चांगला आहे, गाडी वातानुकूलित आहे, मग उन्हाची भीती कशाला? सकाळी आरामात नाश्ता करून निघावे आणि रात्रीच्या जेवणाला सलाला गाठावे." दुसरे म्हणतात, "छे! दिवसा निघूच नये. रात्रीचे जेवण करून निघावे, म्हणजे गारव्यात वाट सरते आणि एक दिवसही वाचतो." मला ही दोन्ही मते पटत नाहीत. माझ्या मते, हा प्रवास दोन दिवसांत आणि फक्त पहाटेपासून दुपारच्या आतच करावा. उन्हाच्या देशात प्रवासाचे वेळापत्रक आपल्या सुट्टीवरून किंवा गाडीच्या वेगावरून ठरवू नये, ते उन्हावरून ठरवावे.

पहिल्या मताचा विचार आधी करू. ऊन म्हणजे किती ऊन? २६ जून २०१८ रोजी मस्कतजवळच्या कुरय्यात या किनाऱ्यावरील गावी चोवीस तासांत तापमान ४२.६ अंशांच्या खाली उतरलेच नाही. हे दिवसाचे कमाल तापमान नव्हे बरे का, किमान तापमान! आपल्या चंद्रपूरला किंवा जळगावला उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, पण रात्री थोडा तरी दिलासा मिळतो. शिवाय हवामान खाते तापमान मोजते ते सावलीत. डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग भर दुपारी त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो.

वातानुकूलित गाडीत बसलेल्या माणसाला यातले काहीच जाणवत नाही. हीच तर अडचण आहे. तो गारवा आपला नसतो, इंजिनाकडून उसना घेतलेला असतो. एखादा पट्टा तुटला, रेडिएटरची नळी फाटली किंवा चाक फुटले की दहा मिनिटांत गाडीची भट्टी होते. सकाळी सात वाजता चाक बदलणे म्हणजे थोडा घाम. तेच काम दुपारी दोन वाजता म्हणजे जिवाशी खेळ. पहाटे निघालेल्या माणसाच्याही गाडीत बिघाड होतोच, पण तो बिघाड त्याला सोसण्यासारखा असतो.

पहाटेचा आणखी एक फायदा नकाशावरूनच कळेल. मस्कतहून सलालाकडे जाताना गाडीचे तोंड नैऋत्येला असते. सकाळी सूर्य पाठीमागे राहतो, समोरचे सगळे स्वच्छ दिसते. दुपारी चारनंतर तोच सूर्य समोरून येऊन डोळ्यांवर आदळतो. (परतीच्या प्रवासात अर्थात उलटे होते. तेव्हा गडद काचांचा चष्मा जवळ ठेवावा.)

दुसरे मत वरवर शहाणपणाचे दिसते. पूर्वीचे उंटांचे तांडे उन्हाळ्यात रात्रीच चालत, असे त्याला आधारही देता येईल. ते खरेच आहे. पण तांड्याचा उंट ताशी चार-पाच किलोमीटर चालत असे आणि गाडी धावते ताशी १२० ने. या वेगाने ती एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. मंद दिव्यांचा उजेड साठेक मीटरपलीकडे फारसा पोहोचत नाही. त्या उजेडाच्या पलीकडे उंट उभा असेल तर? ओमानमध्ये उंट पाळीव असले तरी मोकळे चरतात. उंटाचा रंग वाळूचा, त्याच्या अंगावर ना दिवा ना घंटा. त्याचे पाय उंच आणि बारीक असतात. गाडीचा धक्का पायांना बसतो आणि चार-पाचशे किलोचे धड थेट समोरच्या काचेवर येऊन पडते. अशा अपघातात गाडीतली माणसे वाचणे कठीण असते. रस्त्याच्या कडेला लावलेल्या उंटाच्या चित्राच्या पाट्या शोभेसाठी नाहीत.

त्याशिवाय झोप आहेच. मध्यरात्रीनंतर दोन ते पाच या वेळात माणसाचे शरीर झोप मागतेच मागते. रस्ता सरळ, एकही वळण नाही, समोर काळोख, गाडीत गार हवा आणि मागच्या आसनावर सगळे झोपलेले. अशा वेळी चालवणाऱ्याचा डोळा दोन सेकंद लागला तरी गाडी ६६ मीटर आंधळी धावते. चहा पिऊन झोप पळते हा एक समज आहे. ती पळत नाही, थोडा वेळ दाराआड उभी राहते.

"मी नऊ तासांत सलाला गाठले," असे अभिमानाने सांगणारे लोक भेटतात. मला त्यांच्या अभिमानाचे नवल वाटते. हिशोब करून पाहा. १००० किलोमीटर ताशी १२० ने गेल्यास ८ तास २० मिनिटे लागतात आणि ताशी १०० ने गेल्यास १० तास. एवढ्या धावपळीतून मिळाले काय, तर १ तास ४० मिनिटे. तेवढा वेळ तर आपण सलालाला पोहोचल्यावर खोली शोधण्यातच घालवतो.

मग वेळापत्रक कसे असावे? जुलैत मस्कतला सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. फजरची नमाज झाली, क्षितिज उजळले आणि रस्त्यावरचे जनावर दुरून दिसू लागले की निघावे. निझवा सुमारे १६० किलोमीटरवर आहे, तिथे न्याहारी करावी. हैमा साधारण निम्म्या वाटेवर येते. वाटेत दोनदा थांबूनही दुपारच्या आत हैमा गाठता येते. तिथे गाडी सावलीत लावून मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उरलेली वाट धरावी. या रस्त्यावर घाबा, हैमा, घफ्तैन, कितबित अशा ठिकाणी प्रवाशांसाठी विश्रामगृहे आहेत. ती काही आलिशान नाहीत. पण स्वच्छ चादर आणि चालणारा पंखा यापलीकडे दुपारी आणखी काय हवे असते?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मुक्काम करायचा म्हणजे पैसे लागतात आणि रजेतला दिवस जातो. ज्या कामगाराला ईदची मोजकी सुट्टी मिळते, त्याने एक दिवस हैमात कसा घालवावा? अशा माणसाने, माझ्या मते, गाडी चालवूच नये. मस्कत-सलाला बसगाड्या रोज धावतात. बसच्या खिडकीत बसून झोप काढली तर कोणाचे काही बिघडत नाही. स्वतःची गाडी नेण्याची हौस असेल, तर मुक्कामाचा खर्च हा पेट्रोलइतकाच प्रवासाचा भाग आहे असे समजावे.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ओमानचे चलन रियाल, आणि एका रियालचे बैसे १०००. 'बैसा' हा शब्द ओळखीचा वाटला ना? तो आपला पैसाच. १९७० पर्यंत ओमानमध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया चालत असे. त्या वर्षी सगळ्या देशात डांबरी रस्ता जेमतेम १० किलोमीटर होता, हेही लक्षात ठेवा. म्हणजे ज्या रस्त्याविषयी आपण बोलत आहोत, तो तुमच्या दादाजींच्या तरुणपणी नव्हताच. पुढे तो झाला, आधी अरुंद होता, मग टप्प्याटप्प्याने रुंद करण्यात आला. पेट्रोलबाबत नियम एकच: टाकी निम्मी झाली आणि पंप दिसला की भरून घ्यावी. पुढच्या पंपावर स्वस्त मिळेल, रांग कमी असेल, असले विचार वाळवंटात करू नयेत.

पाण्याविषयी मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथेच माणसे फसतात. मस्कतच्या किनाऱ्यावर हवा दमट असते. घाम वाळत नाही, कपडे चिकटतात आणि आपल्याला घाम आल्याचे कळते. आदमच्या पुढे हवा कोरडी होते. तिथे घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो. माणसाला वाटते, आपल्याला घामच येत नाही, मग पाणी कशाला? प्रत्यक्षात शरीरातले पाणी झपाट्याने कमी होत असते. तहान ही उशिरा येणारी पाहुणी आहे. तिची वाट पाहू नये. दर अर्ध्या तासाला चार घोट प्यावेत. वाळवंटात माणशी दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरावे. गाडीसाठी वेगळा डबा ठेवावा आणि त्यावर तसे लिहावे. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत अधिक चांगले. ओमानी लोक खजूर आणि ताक घेतात. ताकाला ते 'लबन' म्हणतात. उन्हाच्या प्रवासात याहून चांगली न्याहारी मला माहीत नाही. रस्त्यावरच्या टपऱ्यांवर 'करक' चहाही मिळतो. टपरीवाले बहुधा केरळचे असतात. आपला 'कडक' शब्द अरबी तोंडात गेला, अरबीत 'ड' नाही, म्हणून तो 'करक' झाला. चहा जरूर प्या, पण तो पाण्याच्या हिशोबात धरू नका.

या प्रवासातील एक गोष्ट मला फार आवडते. ओमानमध्ये मशिदींच्या आणि कित्येक घरांच्या बाहेर भिंतीला लागून थंड पाण्याची नळ असलेली यंत्रे ठेवलेली असतात. कोणीही यावे, पाणी प्यावे, बाटली भरून घ्यावी. पैसे नाहीत, नाव-गाव विचारणे नाही. तुम्ही याला सबील म्हणाल, मराठीत पाणपोई म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात रस्त्यारस्त्यांवर पाणपोया असत. लाल कापड गुंडाळलेले रांजण, लांब दांड्याचे ओगराळे आणि पाणी घालणारी एखादी म्हातारी. आता बाटली विकत घेण्याची सवय लागली आणि पाणपोया कमी झाल्या. ज्याच्या खिशात बाटलीपुरते पैसे आहेत, त्याला हा फरक कळत नाही. हमालाला, हातगाडीवाल्याला, पायी जाणाऱ्याला तो रोज कळतो. रस्ता बांधणाऱ्याने पंप, पाटी आणि पूल यांची सोय केली, पण फुकट पिण्याचे पाणी ठेवले नाही, तर उष्ण देशात तो रस्ता पुरा झाला असे मी मानणार नाही.

निझव्याला थांबाल तेव्हा घाई करू नका. गावाजवळच फलज दारिस आहे. 'फलज' म्हणजे पाण्याचा पाट. डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भातले पाणी शोधायचे आणि जमिनीखालून हलक्या उताराचा बोगदा खणून ते गावापर्यंत आणायचे. पंप नाही, वीज नाही. पाणी आपल्या वजनाने वाहत येते. ओमानात असे सुमारे ३००० पाट अजून वापरात आहेत आणि त्यांपैकी पाच २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. गावात शिरताना पाणी आधी पिण्यासाठी घेतात, नंतर धुण्या-नाहण्यासाठी आणि शेवटी ते खजुरांच्या बागांना जाते. प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. पूर्वी घड्याळे नव्हती. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजत. असे पाट तुम्हाला पाहायचे असतील, तर ओमानलाच जायला पाहिजे असे नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भूमिगत नहर बांधली. नहर-ए-अंबरी ती हीच.

निझव्याजवळ बहला नावाचे गाव आहे. तिथले कुंभार पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत. पाण्यासाठी ते 'जहला' नावाचे मातीचे भांडे करतात आणि ते वाऱ्यावर टांगून ठेवतात. पाणी मातीतून पाझरते, बाहेर वाळते आणि आतले पाणी गार होते. आपला माठ आणि सुरई याच तत्त्वावर चालतात. गाडीत माठ नेता येत नाही, पण बाटलीला ओला कपडा गुंडाळून ती वाऱ्याच्या झोतासमोर ठेवता येते. करून पाहा.

आता दुपारच्या मुक्कामाकडे वळू. तुम्ही त्याला कैलूला म्हणता, मराठीत वामकुक्षी असा जुना शब्द आहे. दोन्ही भाषांत यासाठी वेगळा शब्द असावा, यावरूनच आपल्या पूर्वजांनी दुपारचे महत्त्व ओळखले होते हे दिसते. ओमान सरकारने तर दुपारचा कायदाच केला आहे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत दुपारी साडेबारा ते साडेतीन या वेळेत कामगारांकडून उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. इमारतींवर, रस्त्यांवर, खड्ड्यांत राबणारे हे कामगार कोण आहेत? भारत, पाकिस्तान, बांगलादेश इथून गेलेले तुमचे-आमचेच लोक. हा कायदा मला फार योग्य वाटतो. आपल्याकडेही विदर्भात आणि खानदेशात रस्त्यांवर डांबर टाकणाऱ्या मजुरांसाठी असा कायदा असावा आणि तो कागदावर न राहता पाळला जावा. पण मला इथे वेगळेच विचारायचे आहे. जे तीन तास सरकारने कामगारासाठी धोक्याचे ठरवले, त्याच तीन तासांत आपण बायका-मुलांना घेऊन वाळवंटातून गाडी हाकतो, याला काय म्हणावे? गाडी चालवणे हेही कामच आहे.

गाडीच्या तयारीविषयी थोडक्यात. चाकातली हवा पहाटे, चाके थंड असताना तपासावी. हवा कमी असली की चाक जास्त दबते, जास्त तापते आणि फुटते. प्रवासात चाके तापून हवेचा दाब वाढलेला दिसला, तर घाबरून हवा सोडू नये. रेडिएटर तापला असता त्याचे झाकण मुळीच उघडू नये. उकळते पाणी कारंजासारखे तोंडावर उडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लहान मुलाला बंद गाडीत एक मिनिटही सोडू नये. "दुकानातून पाणी घेऊन येतो," म्हणून गेलेला माणूस गर्दीत अडकतो. बाहेर ४० अंश असताना बंद गाडीतला पारा अर्ध्या तासात पंचावन्नाच्या पुढे जातो. काच बोटभर उघडी ठेवल्याने यात फारसा फरक पडत नाही.

आणि गाडी बंद पडली तर? रस्ता सोडून चालू लागायचे नाही. गाडी दुरून दिसते, माणूस दिसत नाही. गाडीच्या सावलीत बसावे, पाणी जपून पण नियमित प्यावे, येणाऱ्या गाडीला हात करावा. ओमानच्या पोलिसांचा तातडीचा क्रमांक ९९९९ आहे. आपला ११२ तुम्हाला पाठ असेलच. सोबतच्या कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले, पायांत गोळे आले, तर त्याला सावलीत आडवे करून घोट घोट पाणी द्यावे. पण तो असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग भाजल्यासारखे गरम लागले, तर तो उष्माघात समजावा. मग वेळ न दवडता अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये.

हैमाच्या पुढे पश्चिमेकडे रुब-अल-खाली पसरलेले आहे. या नावावर तुमचा आमच्याशी वाद होईल. उर्दूत आणि अरबीत 'खाली' म्हणजे रिकामा, मराठीत 'खाली' म्हणजे वरच्या उलट. एखाद्या मराठी मुलाला हे नाव 'खालचा भाग' असे वाटेल आणि नकाशात ते खालीच असल्यामुळे त्याला शंकाही येणार नाही! खरा अर्थ आहे 'रिकामा चतुर्थांश'. दुसऱ्या दिवशीची पहाट या रिकामेपणाच्या कडेने जाते. वारा सुटला की वाळूच्या बारीक रेघा रस्त्यावरून सापासारख्या सरकतात. वादळ आले आणि समोरचे दिसेनासे झाले, तर गाडी रस्त्याच्या बाहेर नीट बाजूला घेऊन थांबावे.

थुमरैतनंतर डावीकडे-उजवीकडे खुरटी झाडे दिसू लागतात. ती धूपाची. इथल्या दौका या खोऱ्यातील धूपाची झाडे २००० पासून जागतिक वारशात गणली जातात. या झाडांना पावसाळी डोंगराच्या मागची कोरडी बाजू मानवते. त्या बाजूला धुके पोहोचत नाही. मग रस्ता डोंगराच्या माथ्यावर चढतो आणि काही मिनिटांत सगळे बदलते. काचा उघडाव्यात अशी गार हवा येते, ऊन जाते, गवत दिसते आणि समोर पांढरे धुके. हजार किलोमीटर उन्हाशी झगडून आलेला माणूस इथे निर्धास्त होतो आणि नेमका इथेच घसरतो. उतार तीव्र, रस्ता ओला, दहा-वीस मीटरपलीकडचे दिसत नाही. गाडी खालच्या गिअरमध्ये घ्यावी, दिवे लावावेत, पुढच्या गाडीपासून दूर राहावे. आणि काचेवर भुरभुर सुरू झाली की कळते, वर्षभर पाऊस न पाहिलेल्या गाडीच्या वायपरचे रबर उन्हाने कधीच तडकून गेले आहे. ते काचेवर नुसते ओरखडे काढते, पाणी पुसत नाही. म्हणून मस्कतहून निघण्याच्या आदल्या दिवशी, पाण्याचे डबे भरताना, वायपरची रबरेही नवी घालून घ्या.